पन्नाशीची सूट

मे महिन्याच्या ३१ तारखेला दुपारी कोल्हापुरातल्या नागाळा पार्कात सरकारी काम घेऊन गेलेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद याच भागात आहेत आणि त्या दिवशी दोन्हीकडे निरोप समारंभांची रांग असते. शाल, श्रीफळ, फेटा, सपत्नीक फोटो, आणि ‘साहेबांची उणीव भासेल’ हे प्रत्येक भाषणातले वाक्य. एकाच दिवशी इतकी माणसे निवृत्त होण्याचे कारण थोडे नियमात आहे आणि बरेचसे शाळेच्या दाखल्यात. सरकारी कर्मचारी जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. आता आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीचे दाखले पाहावेत. त्यांत १ जूनला जन्मलेल्यांचा सुकाळ आहे. मूल पाऊस लागला तेव्हाचे की सुगीतले, एवढेच आईबापांना सांगता येई. शाळा जूनमध्ये भरे. मग गुरुजी पहिलीत बसण्याजोगे वय धरून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. म्हणजे ३१ मेला फेटा बांधून घेणाऱ्यांपैकी अनेकांचे वय हे त्यांच्या शरीराचे वय नसून एका हेडमास्तरांनी सोयीसाठी केलेली नोंद असते. कार्यालयातले वय ही मुळात कागदावरची गोष्ट आहे, हे या प्रकरणात शेवटपर्यंत लक्षात ठेवायचे आहे.

निवृत्तीचे वयही तसेच कागदावरचे. महाराष्ट्र शासनाच्या गट अ, ब आणि क मधल्या कर्मचाऱ्याला ५८ व्या वर्षी घरी जावे लागते, गट ड मधल्या शिपायाला ६० व्या. त्याच कोल्हापुरात टपाल खात्यातला किंवा रेल्वेतला कारकून केंद्राचा नोकर म्हणून ६० पर्यंत काम करतो. केंद्राने ५८ चे ६० केले ते १९९८मध्ये. कागल सोडून कोगनोळीचा टोल नाका ओलांडला की कर्नाटक लागते, आणि निपाणीच्या तहसील कार्यालयातला अव्वल कारकून २००८पासून साठीपर्यंत खुर्चीवर आहे. कागल आणि निपाणीच्या कारकुनांच्या गुडघ्यांत, डोळ्यांत आणि बुद्धीत दोन वर्षांचा फरक दूधगंगेच्या पाण्यामुळे पडत असेल, असे कोणी म्हणणार नाही. आंध्र प्रदेशाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८३मध्ये निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणले आणि हजारो लोकांना अचानक घरी पाठवले. तरुणांना संधी द्यायची हे त्याचे एक समर्थन होते. सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९८५मध्ये तो निर्णय वैध ठरवला. पण तोवर राज्याने स्वतःच वय पुन्हा ५८ करून टाकले होते. मग २०१४मध्ये ते ६० झाले आणि २०२२मध्ये ६२. चाळीस वर्षांत एकाच राज्यात ५५ ते ६२ असा प्रवास झाला, तो माणसे सात वर्षांनी तरुण झाली म्हणून नव्हे. तिजोरी, बेरोजगारी, निवडणूक आणि निवृत्तांना एकरकमी द्यायच्या रकमा यांच्या ओढाताणीतून हा आकडा ठरतो.

अशी एखादी रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मान्य. महाराष्ट्रात राजपत्रित अधिकारी महासंघ ती ६० वर न्यावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी करतो आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तिला विरोध करत आहेत. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु ५८ की ६० या वादाने सगळी जागा व्यापल्यामुळे त्याहून मोठा प्रश्न मागे पडतो. कर्मचारी कोणत्या दिवशी जातो यापेक्षा जाण्याआधीची आठ-दहा वर्षे तो कसा जगतो, काय शिकतो, त्याच्याकडून कार्यालय काय घेते, याला जास्त महत्त्व आहे. वयाचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू करून चालत नाही. तेव्हा फक्त शाल उरलेली असते.

आपल्या कार्यालयांत वाढत्या वयाकडे कसे पाहिले जाते हे तिथल्या भाषेतून चटकन कळते. नोकरशाहीतला सर्वांत पवित्र कागद म्हणजे ज्येष्ठता यादी. एका क्रमांकाच्या फरकासाठी माणसे वर्षानुवर्षे न्यायाधिकरणात भांडतात. म्हणजे सेवेतल्या ज्येष्ठतेला पूर्ण मान. तोच ज्येष्ठ माणूस पंचावन्न ओलांडतो तेव्हा मात्र ‘त्यांची दोनतीन वर्षं राहिलीत’ हे त्याच्याविषयीचे मुख्य विधान बनते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याला साठीच्या आतच लागू होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाला वर्णभेदाच्या धर्तीवर वेगळे नाव दिले, तेव्हा त्यांच्यासमोर उघड तुच्छता होती. आपल्याकडे ती क्वचितच उघड असते. कोल्हापूरच्या कोणत्याही कार्यालयात वयाने मोठ्या सहकाऱ्याला काका, अण्णा, आप्पा, मावशी म्हणतात, त्यांना चहा आधी देतात, आणि त्याच आदराने अवघड टेबल त्यांच्याकडून काढून घेतात. ‘काकांना आता कशाला त्रास’ असे म्हणून त्यांना आवक-जावकला बसवले जाते. नवीन संगणक प्रणालीचे प्रशिक्षण निघाले की तरुण नाव पाठवले जाते. काकांनाही बरे वाटते. कोणाचाच अपमान झालेला नसतो, आणि तरीही तीसेक वर्षे तयार झालेला एक माणूस निवृत्तीआधीच कामातून बाद झालेला असतो. आपल्याकडचा वयभेद सवलतीच्या रूपात येतो. म्हणून तो ओळखू येत नाही.

शासनाच्या नियमांतही हीच सवलत लिहून ठेवलेली आहे. २००१मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला आणि पुढे संगणक अर्हता सरकारी नोकरीची अट झाली. ती वेळेत मिळवली नाही म्हणून वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुलीही निघाली. पण पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला या अर्हतेतून सूट आहे. काही विभागीय परीक्षांतून तर पंचेचाळिशीनंतरच सूट मिळते. हेतू चांगला होता. उतारवयात परीक्षेचा जाच नको, एवढेच त्यामागे होते. परंतु त्याच शासनाचा दुसरा नियमही आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे गट आणि नेमणुकीच्या वेळचे वय पाहून ५० व्या किंवा ५५ व्या वर्षी, अथवा ३० वर्षांच्या सेवेनंतर, कर्मचाऱ्याचे पुनर्विलोकन होते. तो कार्यक्षम आहे की नाही हे तेव्हा तपासतात आणि नसेल तर त्याला मुदतपूर्व घरी पाठवता येते. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक नियम सांगतो, तुम्ही नवे शिकला नाहीत तरी चालेल. दुसरा विचारतो, तुम्ही अजून उपयोगाचे आहात का? त्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ ही कमाल वयोमर्यादा आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी रुजू झालेला उमेदवार पुरता स्थिरावतो न स्थिरावतो तोच सुटीच्या वयात पोहोचतो. वयाचा विचार नियमांत जागोजागी आहे, पण एका नियमाची दुसऱ्याशी ओळख नाही.

मग प्रश्न येतो, वय वाढले की काम खरोखर खालावते का? यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. थॉमस एंग आणि डॅनियल फेल्डमन या संशोधकांनी २०१२मध्ये ४१८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून वयस्क कर्मचाऱ्यांविषयीचे सहा समज तपासले: त्यांच्यात उमेद कमी असते, ते बदलाला विरोध करतात, विश्वास टाकत नाहीत, आजारी असतात, घर आणि काम यांचा मेळ त्यांना घालता येत नाही आणि प्रशिक्षणाला ते नाखूष असतात. यांतले पाच समज टिकले नाहीत. टिकला तो एकच, प्रशिक्षणाची नाखुशी. हा एक समज का टिकला असावा, हे वरच्या परिच्छेदानंतर वेगळे सांगायला नको. ज्याला दहा वर्षे प्रशिक्षणाला पाठवलेच नाही, तो अकराव्या वर्षी हात वर करत नाही. दुसरा प्रयोग थेट कारकुनी कामाशी निगडित आहे. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची चाचणी घेतली. साध्या प्रतिसादाच्या चाचणीत वयस्क मंडळी हळू पडली. प्रत्यक्ष टंकनात मात्र त्यांचा वेग तरुणांइतकाच भरला. कारण असे निघाले की अनुभवी टंकलेखकाची नजर बोटांच्या बरीच पुढे धावत असते, पुढची अक्षरे तो आधीच वाचून ठेवतो. पुढचा मजकूर झाकून एकेक अक्षर दाखवले तेव्हा त्याचा वेग घसरला. शरीर काही घालवते, अनुभव त्याची भरपाई करतो. पण ही भरपाई व्हायला पुढचे दिसले पाहिजे. ज्या कार्यालयात कोणती प्रणाली उद्यापासून सुरू होणार हे आज सायंकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावरून कळते, तिथे सर्वांत जास्त तोटा अनुभवी माणसाचा होतो.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास सरकारी नोकरांवरच झालेला आहे. फिनलंडमध्ये १९८१मध्ये व्यावसायिक आरोग्य संस्थेने नगरपालिकांच्या ४४ ते ५८ वर्षे वयाच्या ६,२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू केली. त्यांत सफाई करणारे होते, परिचारिका होत्या, शिक्षक होते, कचेरीतले लोकही होते. कोणत्या कामाला निवृत्तीचे कोणते वय योग्य, हे ठरवणे हा मूळ उद्देश होता. युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कार्यक्षमतेचा एक निर्देशांक बनवला. त्याचे गुण ७ ते ४९ असतात. त्यातला पहिलाच प्रश्न फार साधा आहे: आयुष्यातल्या तुमच्या सर्वोत्तम क्षमतेला १० गुण दिले, तर आजच्या क्षमतेला किती द्याल? याच लोकांची ११ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा दिसले की एकाच वयाची माणसे तीन वाटांनी गेली होती. काहींची क्षमता बरीच घसरली, बहुतेकांची टिकली आणि थोड्यांची चक्क वाढली. वाढली त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी ठळक होत्या: कामातल्या त्याच त्या शारीरिक हालचाली कमी झाल्या होत्या, फावल्या वेळात व्यायाम वाढला होता आणि वरिष्ठांचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारला होता. तिसरी गोष्ट सरकारला सर्वांत स्वस्तात पडणारी आहे. वृत्तीचा परिणाम माणसाच्या भावनांपुरता राहत नाही, तो त्याच्या कामाच्या क्षमतेवर होतो, हे त्या ११ वर्षांनी आकड्यांत दाखवून दिले.

अनुभवाची सरकारी किंमत काय, हे कोल्हापूरला पंचगंगा शिकवते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांना पोहोचली की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे शहरात शाळकरी पोरालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या जिल्ह्याने सोसले. शेवटच्या दोहोंत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी नियंत्रण कक्षात लागणारे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे नसते. किती फुटांना कोणता रस्ता बुडतो, कोणते गाव आधी तुटते, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरे हलल्याशिवाय का हलत नाहीत, होडी कुठे बांधून ठेवावी, हे त्या दिवसांत जागलेल्या तलाठ्याला आणि मंडळ अधिकाऱ्याला ठाऊक असते. आता साधा हिशेब करावा. २००५च्या पुरात जो कर्मचारी ४५ वर्षांचा होता, म्हणजे कामात पुरता तयार होता, तो २०१९चा पूर येण्याआधीच निवृत्त झालेला होता. त्याने जाताना काय सुपूर्द केले? कार्यभाराच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या असतात, शिक्के, नोंदवह्या, प्रलंबित प्रकरणांची संख्या, संगणकाचा पासवर्डही असतो. त्याला काय माहीत आहे, यासाठी त्या यादीत रकाना नसतो. असेच २०२३मध्ये राज्यभर घडले. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम चालू झाले आणि मोडी वाचणारी माणसे शोधता शोधता जिल्हा प्रशासने घायकुतीला आली. अभिलेख कक्षात मोडी सहज वाचणारे कारकून एकेकाळी होते. ते एकेक करून निवृत्त होत गेले आणि त्यांच्या हाताखाली कोणी बसवले नाही.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो पूरच घेतो. अनुभव दर वेळी शहाणा असतो असे नाही. २०१९मध्ये नदीकाठच्या अनेकांनी २००५च्या पाण्याची खूण धरली, त्यापुढे पाणी येणार नाही या भरवशावर घरे सोडली नाहीत, आणि पाणी ती खूण ओलांडून गेले. जुन्या माणसाचे ज्ञान कालच्या पुराचे असते. नव्या माणसाकडे उपग्रहाची चित्रे, पूररेषेचे नकाशे आणि धरणांच्या विसर्गाचे ताजे आकडे असतात, पण कोणत्या गल्लीत म्हातारी एकटी राहते ते त्याला माहीत नसते. या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष वयस्कांना दूर ठेवा असा नाही. दोघांना एका टेबलावर बसवा, असा आहे. सातबाराच्या संगणकीकरणात हे काही ठिकाणी आपोआप घडले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांचा मेळ घालताना जुना फेरफार, आणेवारी, पोटखराबा, देवस्थान इनामाची नोंद समजणारा एक आणि प्रणाली हाताळणारा दुसरा, अशी जोडी जिथे जमली तिथे चुका लवकर सापडल्या. आपोआप घडले ते नियमाने घडवता येते.

सगळ्यांना एकच रेघ लावण्याचा दुसरा तोटा शरीरश्रमाच्या कामात दिसतो. आपल्या व्यवस्थेत खुर्चीवर बसणारा ५८ व्या वर्षी सुटतो आणि गट ड मधला, म्हणजे ज्याचे काम उचल-ठेव, झाडलोट आणि पायपिटीचे, तो साठीपर्यंत थांबतो. तुटपुंज्या पगारावर दोन वर्षे जास्त मिळावीत, या भल्या विचाराने ती सोय झाली असेल. कामाच्या दृष्टीने पाहिले तर गाडी उलटी जुंपली आहे. महापालिकेच्या सफाई कामगाराची स्थिती आणखी अवघड. गटारातला वायू, पहाटेची हजेरी आणि वाकलेली पाठ यांनी पन्नाशीतच तो थकतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे त्याच्या जागी वारसाला नोकरी मिळू शकते, आणि व्यवहारात वय झाल्यावरची त्याची मुख्य सोय हीच ठरते, की झाडू मुलाच्या हाती द्यावा. हलके काम, बदलते काम, बसून करायचे काम हा विचार त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. एसटीचा चालक, पोलीस हवालदार, परिचारिका यांचेही तसेच. असा विचार करता येतो, हे करोनाने दाखवले होते. २०२०मध्ये मुंबईत ५५ वर्षांवरील पोलिसांना धोका ओळखून घरी थांबायला सांगितले गेले. संकटात सुचलेले शहाणपण एरवी सुचायला हरकत नसावी. जर्मनीत बीएमडब्ल्यूच्या डिंगोल्फिंग कारखान्यात २००७मध्ये सरासरी ४७ वर्षे वयाच्या कामगारांची एक साखळी मुद्दाम उभी केली गेली. लाकडी जमीन, टेकायला खुर्ची, मोठी अक्षरे, भिंगे असे लहान लहान ७० बदल केले आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. त्यातले बहुतेक बदल सुचवले होते ते कामगारांनीच.

सर्वांत जोरकस आक्षेप तरुणांचा आहे. मार्च २०२३मध्ये राज्यभरातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. कोल्हापुरातही मोठे मोर्चे निघाले, आणि त्याच दिवसांत याच शहरात सुशिक्षित बेरोजगार तरुणांनी त्या मागणीच्या विरोधात मोर्चा काढला. त्याच वर्षीच्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एवढी रांग दाराशी उभी असताना वयस्कांची काळजी कसली करता, हा प्रश्न उद्धट म्हणून झटकून टाकता येत नाही. जगभरच्या अर्थव्यवस्थांकडे पाहिले तर वयस्कांच्या नोकऱ्यांनी तरुणांच्या नोकऱ्या कमी होतात असे दिसत नाही. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी बारा देशांची आकडेवारी तपासून हे मांडले आहे. पण सरकारी कार्यालयात पदे मंजूर संख्येने बांधलेली असतात. तिथे एक उठला तरच दुसरा बसतो, म्हणून तरुणांचा मुद्दा इथे अधिक खरा ठरतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. परंतु मग दुसरी आकडेवारीही पाहावी. २०२२मध्ये राज्य शासनाच्या सव्वासात लाखांच्या आसपास मंजूर पदांपैकी २ लाख ४० हजारांहून अधिक पदे रिक्त होती. तरुणाची खुर्ची अडवून काका बसलेले नाहीत. ती खुर्ची रिकामी आहे, आणि तिचे काम काका करत आहेत.

शासन स्वतः या कोंडीतून कशी वाट काढते ते पाहण्यासारखे आहे. ५८ व्या वर्षी ज्याला निरोप दिला, त्यालाच विवक्षित कामासाठी करार पद्धतीवर परत बोलावता येते. जुलै २०२३मध्ये जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपयांवर नेमायचे ठरले; कमाल वय ७०. म्हणजे नियमित वेतनावर ५८ हे वय जास्त होते आणि कंत्राटी मानधनावर ७० चालते. यात तरुण शिक्षकाची नेमणूक लांबते, आणि निवृत्ताला सेवेची शाश्वती न देता वापरून घेतले जाते. दोन्ही पिढ्यांचे नुकसान करणारी अशी तडजोड दुसरी नसेल. जपानने वेगळा मार्ग धरला आहे. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय २०२३पासून टप्प्याटप्प्याने, दर दोन वर्षांनी एक वर्ष, असे वाढवून २०३१पर्यंत ६५ वर नेले जात आहे. पण साठीनंतर पगार सुमारे ७० टक्के होतो आणि अधिकाराचे पद सोडावे लागते. साहेब राहत नाही, अनुभव राहतो, आणि बढतीची वाट मोकळी होते. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणणे सोपे नाही. काल साहेब असलेला आज साधे टेबल सांभाळतो, हे चित्र आपल्या मानापमानाच्या कल्पनांत बसत नाही. पण तिच्यामागचे तत्त्व घेण्याजोगे आहे: अधिकार आणि अनुभव यांची निवृत्ती एकाच दिवशी व्हायला हवी, असे नाही.

उरलेले दोन आक्षेप प्रशासनाच्या आतले आहेत. पहिला असा की जुना कर्मचारी मुरलेला असतो, आणि मुरलेला हा शब्द मराठीत लोणच्याविषयी कौतुकाने आणि कारकुनाविषयी संशयाने वापरला जातो. हितसंबंध, दलालांशी ओळखी, फाइल अडवण्याची कला हे वर्षांबरोबर येते, हे खरे आहे. पण ते वयातून येत नाही, एकाच टेबलावर फार काळ बसण्यातून येते, आणि त्यावरचा इलाज २००५च्या बदल्यांच्या कायद्यात आहे. पस्तिशीतला माणूसही दहा वर्षे एका जागी ठेवला तर मुरतोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वय हा निदान सर्वांना सारखा लागू होणारा निकष आहे. त्याऐवजी क्षमता पाहू लागलो तर ठरवणार कोण? साहेबांच्या मर्जीतला तो सक्षम आणि बाकीचे थकलेले, असे होईल. ही भीती रास्त आहे, म्हणून बाहेर जाण्याची तारीख सर्वांना एकच असू द्यावी. फिनलंडच्या निर्देशांकाचा उपयोगही कोणाला काढण्यासाठी करायचा नसतो. कोणते काम कोणाला जड जाते आहे ते वेळेत ओळखण्यासाठी करायचा असतो. रेघ सर्वांना सारखी ठेवून रेघेच्या अलीकडची दहा वर्षे प्रत्येकासाठी वेगळी आखता येतात.

ही आखणी करायला नवा कायदा लागत नाही. पन्नाशीच्या सुटीचे रूपांतर पन्नाशीच्या हक्कात करावे: परीक्षा नको असेल तर नको, पण प्रत्येक नव्या प्रणालीचे प्रशिक्षण आधी पन्नाशीपुढच्यांना, त्यांच्या गतीने आणि चुका करायला मोकळीक देऊन मिळावे. निवृत्तीला वर्ष उरले की प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ एक नवा कर्मचारी बसवावा आणि कार्यभाराच्या यादीत ‘काय माहीत आहे’ हा रकाना वाढवावा. करवीर, शिरोळ आणि हातकणंगले या पूरग्रस्त तालुक्यांत तर तो पावसाळ्याआधी भरून घ्यावा. शरीरश्रमाच्या पदांवर पन्नाशीनंतर काम बदलून मागण्याची सोय असावी. आणि ‘काकांना त्रास नको’ हे वाक्य तोंडात आले की आपण काकांची सोय पाहतो आहोत की आपली, हे साहेबांनी स्वतःला एकदा विचारावे.

पंचगंगेला पूर कोणत्या वर्षी येईल हे कोणाला सांगता येत नाही. कोणती खुर्ची कोणत्या दिवशी रिकामी होणार, हे मात्र कार्यालयाला माणूस रुजू झाल्या दिवसापासून माहीत असते. त्याच्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख लिहिलेली असते.